डाव्या पायाचा ठोका
वहिनीच्या डाव्या मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. जुळलं होतं खरं, पण दोन-तीन गाणी वाजवली की मनगटात कळ यायची आणि काठी बोटांतून निसटायची. ड्रम वाजवणाऱ्या बाईच्या हातातून काठीच निसटायला लागली, तर तिनं करायचं काय?

बँड घरचाच होता. धाकटा दीर गिटार घेऊन गायचा, नणंद की-बोर्डवर आणि मागे ड्रमवर वहिनी. नवरा वेल्डिंगचं काम करायचा. तो गमतीनं म्हणायचा, "आमच्या घरच्यांना सून नकोच होती, ड्रमवाली हवी होती. मी मधल्यामध्ये खपलो."

एका संध्याकाळी जिना चढताना वहिनीला दिराचा आवाज ऐकू आला. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "वहिनीचं काही सांगता येत नाही. तू आपला तयार राहा." ती तशीच चार पायऱ्या खाली उतरली आणि मुद्दाम चपला वाजवत पुन्हा वर आली. जेवताना दीर नेहमीसारखाच बोलत होता. तिनं मात्र आपलं ताट लवकर आवरलं.

दुसऱ्या दिवशी ती वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं जोडपेडल पुढे केलं. "दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवा. हल्ली सगळे हेच नेतात."

"मोठ्या ड्रमला माझा उजवा पाय पुरतो," ती म्हणाली. "मला डाव्या हाताचं काम डाव्या पायाला द्यायचंय."

दुकानदार विचारात पडला. मग त्यानं सुटी पेडलं काढली आणि जमिनीलगत आडवा बसणारा, पेडलनं वाजणारा एक छोटा ड्रम आणला. चप्पल काढून ती एकेक पेडल दाबून बघू लागली. एकाची स्प्रिंग इतकी ताठ, की पोटरी भरून आली. दुसरं इतकं हलकं, की एका दाबात दोनदा वाजायचं. तिसरं पायाबरोबर उठत-बसत होतं. ते आणि तो छोटा ड्रम तिनं घेतला, पण घरी येईपर्यंत मनात एकच, आपण खुळ्यासारखं काहीतरी करून बसलो नाही ना?

खरी डोकेदुखी पुढेच होती. डाव्या पायाखाली आधीपासून झांजांच्या जोडीचं पेडल होतं. झांजांच्या दांडीला खिळी लावून त्या मिटवून ठेवल्या की तो पाय मोकळा व्हायचा, पण नवं पेडल ठेवायचं कुठे? आत घेतलं तर टाच झांजांच्या स्टँडला लागायची. बाहेर सरकवलं तर कंबर वाकडी व्हायची आणि उजव्या पायाचा ठोकाही ढळायचा. स्टूल वर, स्टूल खाली, स्टँड तिरका, पुन्हा सरळ. खोलीभर पसारा झाला.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," नवरा दारातून म्हणाला, "तू तर खोलीच पसरलीस."

तिला हसू आलं नाही. मग तो डाव्या पायाच्या दोन्ही पेडलांखाली बसेल अशी लोखंडी पट्टी जोडून घेऊन आला. आता पेडलं एकमेकांपासून हलत नव्हती. नवं पेडल थोडं मागे आणि बाहेरच्या बाजूला वळवल्यावर पाऊल न बघता पडायला लागलं. तरी सरावात मधूनच ठोका उशिरा यायचा आणि नणंद मान वळवून बघायची. मग वहिनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.

कार्यक्रम दुपारचा, एका मोठ्या हॉलमध्ये. वहिनीनं आधी व्यासपीठ पावलांनी मोजलं. ते घरच्या खोलीहून अरुंद होतं. पट्टी आडवी मावेना. दीर म्हणाला, "ते नवीन राहू दे ना आज."

"भावजी, ते राहिलं तर मीही राहीन," ती म्हणाली. तिनं पेडलांची जुळणी तशीच ठेवून पट्टीच तिरकी केली. बाकीचे ड्रम उजवीकडे ओढले आणि स्टूल त्यांच्यामागे फिरवलं. आता तिला प्रेक्षक अर्धेच दिसत होते. तेही बरंच झालं.

चौथ्या गाण्यात मनगटानं दगा दिला. तिनं खिळी लावली, डावा हात मांडीवर ठेवला आणि पाय नव्या पेडलवर टाकला. पहिला ठोका उशिरा पडला, दुसराही. तिसरा जागेवर आला. समोर नाचणाऱ्यांच्या पावलांत काही फरक पडला नाही. शेवटच्या जलद गाण्यात मात्र पाय मागे पडू लागला. दिरानं वळून पाहिलं आणि गाणं जरा सावकाश घेतलं.

सामान आवरताना तो जवळ आला. "वहिनी, मी दुसऱ्या एकाला विचारून ठेवलं होतं."

"माहीत आहे. जिन्यात ऐकलं मी."

त्यानं हातातली गिटार खाली ठेवली. "सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. "जलद गाणी दोनच आहेत. तेवढी त्याला द्या. बाकी माझी."

दीर हो म्हणाला. ते दोन गाण्यांचं दुखणं तिला बरेच दिवस पुरलं. पुढच्या कार्यक्रमात त्या दोन गाण्यांच्या वेळी ती खाली खुर्चीवर बसली होती, आणि त्या दुसऱ्या ड्रमवाल्याला मधे येणारं तिचं नवं पेडल तिनं स्वतः उठून बाजूला करून दिलं.