तीनवर अडकलेला वर्ग

आमची मुलगी नांदेडला एका छोट्या ऑफिसात नोकरी करते. किराणा दुकानं, औषधांची दुकानं यांच्यासाठी बिलाची सॉफ्टवेअर तिथं बनवतात. दोन वर्षं तेच केल्यावर तिच्या डोक्यात आलं की पहिलीच्या मुलांना अंक शिकवणारं मोबाईल ॲप करावं, आणि ते आपल्याकडच्या मुलांचं वाटावं. त्यात सफरचंदं आणि फुगे नकोत; भाकरी, शेरडं, बोरं हवीत. मालकाच्या मागं ती इतकी लागली की शेवटी तो म्हणाला, "कर बाई. पण दिवाळीपर्यंत एखाद्या केंद्रानं तरी 'आम्ही हे वापरतो' म्हटलं पाहिजे. नाही म्हटलं तर गुपचूप बिलाच्या कामाला लागायचं."

केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा गावांतल्या जिल्हा परिषद शाळांचा गट. त्यावर एक केंद्रप्रमुख असतात आणि महिन्यातून एकदा सगळे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र येतात. माझ्या बायकोची कॉलेजातली मैत्रीण जळकोटकडच्या एका गावात पहिलीला शिकवते. तिच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेले पाच टॅब होते आणि ते बहुतेक वेळ कपाटातच असत. बाई म्हणाल्या, "ये. माझ्या वर्गात बघ. चांगलं निघालं तर परिषदेत मी स्वतः मांडते."

मुलगी दिवाळीआधीच्या दोन महिन्यांसाठी उदगीरला घरी आली आणि पहिल्याच संध्याकाळी मला म्हणाली, "पप्पा, हे तपासायचं कसं ते तुम्ही सांगा."

मी लातूरला बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. पिशवीतून नमुना कसा काढायचा, दाणे ओल्या कागदात कसे मांडायचे आणि किती उगवले ते कसं लिहायचं, एवढंच मला येतं. पण तपासणी म्हटल्यावर मला हुरूप आला. मी तिला सांगितलं की ॲप शिकवतं का हे ॲपलाच विचारायचं नाही. आधी आणि नंतर मुलांना हातात वस्तू देऊन मोजायला लावायचं. एकेकाला वेगळं बसवायचं. आणि मूल काय करतं तेवढंच लिहायचं, त्याला काय वाटत असेल ते लिहायचं नाही.

"म्हणजे मुलं सोयाबीनसारखी," ती म्हणाली.

"सोयाबीन बरं. ते हलत नाही," मी म्हणालो.

ॲपमधला आवाज आधी तिचा होता. पण तिनं तो इतका साफसूफ करून दिला होता की पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं, "ही बाई बातम्या देती का?" मग आवाज बायकोनं दिला. स्वयंपाकघराचं दार लावून, कुकर उतरवून, हातात कागद घेऊन तिनं वाचलं: "ताटात एक भाकरी वाढ. ताटात दोन भाकरी वाढ." मुलांना तो आवाज लगेच पटला. "वाढ" ऐकलं की बोटं चालायला लागत.

दुसरी अडचण शेरडाची निघाली. उत्तर चुकलं की शेरडू ओरडायचं. दोन दिवसांत वर्गातली निम्मी मुलं मुद्दाम चुकायला लागली. एक मुलगी तर दुसऱ्यांची उत्तरंसुद्धा चुकवून देत होती, शेरडू ऐकू यावं म्हणून. आमच्या मुलीनं शेरडू काढून टाकलं आणि बरोबर उत्तराला ढोलकी ठेवली. वर्गानं दिवसभर नाराजी दाखवली, मग ढोलकीवर समाधान मानलं.

एवढं झाल्यावर आम्ही त्यांना पंधरवडाभर एकटं सोडलं. बाई रोज अर्धा तास टॅब द्यायच्या. ॲपची रचना अशी होती की एक जमलं की दोन, दोन जमलं की तीन. दोनदा चुकलं की मूल एक पायरी खाली यायचं. प्रत्येक मूल कुठं पोचलं ते बाईंना त्यांच्या पानावर दिसायचं.

परिषदेला आठवडा राहिला असताना बाईंचा फोन आला. मुलीनं तो स्पीकरवर टाकला. बाई एरवी गोड बोलतात. त्या दिवशी नाही.

"माझ्या वर्गात बावीस पोरं. त्यातली सोळा तीनवर अडकलीत म्हणतंय तुझं ॲप. दोनवर येतेत, तीनवर जातेत, परत दोनवर. तीन. दहा नाही, वीस नाही. हे मी परिषदेत दाखवू? लोक म्हणतील, बाई जूनपासून करत काय होत्या?"

फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, "स्पर्शाची गडबड असणार. टॅब जुने आहेत." तिनं रात्रीचं जेवण झटपट उरकलं आणि लॅपटॉप उघडून बसली. सकाळी मी उठलो तेव्हा तिनं भाकऱ्या मोठ्या केल्या होत्या, ताट मोठं केलं होतं आणि तिचा चेहरा एवढासा झाला होता. "गडबड सापडली नाही," ती म्हणाली. "म्हणजे माझंच शिकवणं चुकतंय. सोमवारी नांदेडला जाते. बिलं तर बिलं."

प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्याचे चार-सहा दाणे उगवले नाहीत तर आम्ही बियाण्याला नावं ठेवतो. पण सगळ्या कागदांत एकाच ओळीतले दाणे उगवले नाहीत तर बियाण्याकडं बघत नाही, मांडणीकडं बघतो. मी तिला तेच सांगितलं आणि रजा टाकली.

शाळेत पोचल्यावर मी टॅब मागितलेच नाहीत. वस्तू देऊन मोजून घ्यायची आधीची तपासणी आवाज आणि शेरडाच्या गडबडीत राहूनच गेली होती. खिशातून चिंचोके काढले आणि एकेकाला म्हणालो, तीन दे. बावीसच्या बावीस मुलांनी तीन दिले. एकानं तर विचारलं, "तीनच? लई हायेत की तुमच्याकडं." पाच मागितले, पाच दिले. सहा-सातच्या पुढं काही जण गोंधळले, ते लिहून ठेवलं. आमची मुलगी दारात उभी राहून बघत होती. बाई खुर्चीवर सरळ बसल्या.

मग एका मुलीला टॅब दिला आणि आम्ही दोघं तिच्या मागं बसलो. तेल लावून चप्प दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. बायकोचा आवाज म्हणाला, "ताटात तीन भाकरी वाढ." तिनं एक ओढली, दोन ओढल्या, तीन ओढल्या. तीन. बरोबर. आता फक्त खालचं हिरवं बटण दाबायचं होतं. तिनं ते दाबलं नाही. ताटाकडं बघितलं. मग अंगठा आणि पहिलं बोट चौथ्या भाकरीवर ठेवून ती ओढायला लागली, एकदा, दोनदा, तीनदा.

"हे सगळे करतात," आमची मुलगी हळूच म्हणाली. "चित्र मोठं करायला बघतात. म्हणूनच मी भाकरी मोठी केली."

त्या मुलीनं शेवटी सुस्कारा टाकला, चौथी भाकरी अख्खीच ताटात नेऊन ठेवली आणि हिरवं बटण दाबलं. ढोलकी वाजली नाही.

मी विचारलं, "तीन सांगितल्या होत्या ना? चार का ठेवल्यास?"

"मोडंना," ती म्हणाली. "म्हणून आख्खी ठिवली."

"पण मोडायची कशाला?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की या माणसाला घरी जेवायला कोण देतं. "तीन वाढत नसत्यात. चतकोर तरी संगं घालावं लागतं. आमची आज्जी रागावती."

आमच्या मुलीनं कपाळाला हात लावला. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावले. आमच्या घरातही तीन भाकरी कुणी कुणाला वाढत नाही, अपशकुन मानतात. दोन वाढतात, तिसरी लागलीच तर तिच्यासोबत चतकोर देतात. मी आयुष्यभर तसंच जेवत आलो, मुलगी तसंच जेवून मोठी झाली. ती ताटं-भाकऱ्या तिनं आठवणीनं आपल्या घरातल्यासारखी काढली होती, काठाला जळलेला डागसुद्धा दिला होता, आणि त्या ताटात तीन वाढायला सांगताना आमच्यापैकी कुणालाही काही खटकलं नव्हतं.

बरोबर उत्तर दिलेल्या सहा मुलांचं काय, हे विचारल्याशिवाय मला उठवेना. दोघं म्हणाले, आमच्यात वाढतेत. तिघांना माहीत नव्हतं. सहावा म्हणाला, "फोनातली भाकर कोण खातंय?" त्याला मी मनातल्या मनात शंभर गुण दिले.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच केलं की पोरीनं."

"अगं, पण तूच तर म्हटलंयस, 'तीन भाकरी वाढ'."

"मी कागदावरचं वाचून दाखवलं. तुम्ही बापलेकीनं लिहिलेलं. वाढायला बसले असते तर वाढल्या नसत्या."

"आता काय करायचं, आई?" मुलगी म्हणाली. "भाकरीच काढून टाकू?"

"काढू नको. ताट काढ. दुरडी ठेव. दुरडीत किती का असेनात, तिथं कोण मोजतंय."

मुलीनं त्याच रात्री ताटाच्या जागी वेताची दुरडी काढली आणि बायकोनं परत कुकर उतरवून, दार लावून नवा आवाज दिला: "दुरडीत तीन भाकरी ठेव." पुढचे चार दिवस मुलं टॅबवर बसली. अडकलेल्या सोळांपैकी पंधरा जण तीनच्या पुढं गेले. सोळावा परगावी गेला होता, हेही मी लिहून ठेवलं. शेवटी परत चिंचोके घेऊन बसलो. पहिल्या चिंचोक्यांच्या वेळी जे सहा-सातच्या पुढं गोंधळले होते, त्यातले बरेच जण नऊपर्यंत नीट देत होते. सगळे नाहीत. दोघा मुलांत काहीच फरक पडला नव्हता.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी आमचं वाजलं. मुलीला फक्त दुरडीनंतरचे आकडे मांडायचे होते.

"आधीचे दाखवले तर ते म्हणतील, या पोरीला साधं ताट कळलं नाही. पप्पा, एकच संधी आहे."

"झालेलं सगळं मांडायचं. ते दोघंही मांडायचे."

"मी नापास झाले तर तुम्ही येणार का नांदेडला बिलं करायला?"

"येईन. पण मांडायचं सगळं."

रात्री ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली. सकाळी निघताना बघितलं तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सोळा मुलं तीनवर का अडकली.

परिषद दुसऱ्या गावच्या शाळेत होती. मला मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. मुलीनं ताट दाखवलं, त्या वेण्यांवालीची बोटं भाकरी कशी ओढत होती ते स्वतः करून दाखवलं आणि थांबली. केंद्रप्रमुख गंभीर माणूस. ते म्हणाले, "मग हिला तीन येत नव्हते का येत होते?" तोवर मागच्या रांगेतल्या चार-पाच शिक्षिका हसायला लागल्या होत्या. एक म्हणाली, "सर, तुम्हीच वाढून बघा ना ताटात तीन." केंद्रप्रमुखांनी टॅब हातात घेतला, एक ओढली, दोन ओढल्या, आणि तिसरीवर त्यांचं बोट थांबलं. "अरेच्चा," ते म्हणाले. मग सगळा वर्ग हसला.

त्यांनी नंतर बरेच प्रश्न विचारले. फरक न पडलेल्या दोघांबद्दल सर्वांत जास्त विचारले आणि मुलीनं सरळ सांगितलं की मला कारण माहीत नाही, त्यांच्यासाठी बाईंनी हातात वस्तूच द्याव्यात. शेवटी ते म्हणाले, "सगळ्या शाळांत एकदम नको. पण आपलं केंद्र हे वापरतंय असं मी लिहून देतो. सध्या तीन शाळा घेऊ."

"तीन नको सर," कुणीतरी म्हणालं. "चार करा."

चार झाल्या.

बाहेर येऊन मुलीनं मालकाला फोन लावला. त्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही. ती फक्त "हाव सर, लेखी, हाव" म्हणत होती, जे ती नांदेडला गेल्यापासूनच म्हणायला शिकली. फोन ठेवून ती चौथ्या शाळेच्या मॅडमकडं गेली. त्यांचं गाव देगलूरच्या अंगाला होतं. मॅडम सांगत होत्या की वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, ॲपमधला हिच्या आईचा आवाज त्यांना कितपत कळेल ते बघावं लागेल. मुलगी लिहून घेत होती. मध्येच वळून मला म्हणाली, "पप्पा, पुढच्या आठवड्यात रजा मिळेल का?"

मी म्हणालो, शिल्लक आहे.