संगणकापुढं कबूल केलेलं शेत

“शेती न्हाई, गुरं न्हाईत, घराचा कागद न्हाई. मग तू खातेस तरी काय? पाला?”

जोयड्याच्या तालुका कचेरीत ऑपरेटर हे मोठ्यानं बोलला आणि मागची रांग हसली. माझ्या शेजारी उभे असलेले बाबाही कसनुसं हसले. त्यांच्या हसण्याची मला जास्त लाज वाटली.

कचेरीत नवा संगणक आला होता. आपण माहिती द्यायची, सरकारकडून आपल्याला काय मिळू शकतं ते तो सांगणार. एका उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतो म्हणे. जंगलातल्या आमच्या दिग्गी गावाहून त्यासाठीच आलो होतो. सुरुवातीला ऑपरेटरनं पहिला प्रश्न वाचला होता, “जंगलाच्या जमिनीत शेती करता?”

“न्हाई.”

विचार न करता म्हटलं. लहानपणापासून तेच शिकवलंय. फॉरेस्टचा गार्ड आला की शेत न्हाई, गुरं न्हाईत म्हणायचं. पायाला चिखल असला तरी. पणजोबांनी काढलेलं शेत. त्यात मी भात लावते, कंद काढते. आणि विचारलं की चोरासारखी नाकारते.

चार प्रश्नांत सगळं आटोपलं. पडद्यावर आलं, आपण कोणत्याही योजनेस पात्र नाही.

“बघ, कंप्युटरच्या लेखी तू न्हाईसच. चल, सरक.”

माझं डोकं सणकलं. याच्या घरी जमिनीचे उतारे ट्रंकेत जपलेले असतील. आपल्याच शेताला न्हाई म्हणावं लागणं याला काय कळणार?

“पुन्हा विचारा,” मी म्हटलं. “शेत हाय.”

बाबांनी माझा दंड धरला. “गप बस गे. लिवून ठेवत्यात ते. उद्या हाकलत्यात.”

खोटं नव्हतं ते. न्हाई म्हटलं तर हक्क नाही. हाय म्हटलं तर आपल्याच तोंडानं गुन्हा कबूल. दोन्हीकडून कोंडी.

तरी हाय म्हटलं. मग प्रश्न संपेनात. कधीपासून? किती पिढ्या? साक्षीला गावातलं कोण म्हातारं माणूस? एवढं आम्हाला कुणी कधी विचारलंच नव्हतं. एकेक उत्तर देत गेले, रागही आला. शेवटी ओळ उमटली, वनहक्काचा दावा करता येईल.

ऑपरेटर आता हसत नव्हता. “फॉरेस्टवाले चौकशीला येतील हां.”

“येऊ देत.”

परतीच्या जीपमध्ये बाबा माझ्याकडं पाठ करून बसले. ते घाबरलेत. मीही घाबरले आहे. पण पुढच्याच ग्रामसभेत दावा मी माझ्या नावानं टाकला. नाकारला तर पुन्हा टाकीन. गार्ड शेत मोजायला आला तर चारी कडा त्याला मीच दाखवीन. हुसकायला आला, तर हलणार नाही.