ऋषिराजच्या नावाचा डबा

अंजनाकाकूंचा मुलगा फौजेत भरती झाला, ट्रेनिंग उरकून थेट काश्मिरात जाऊन पोचला, पण त्याचा डबा काही तासगावला जायचा थांबला नाही.

ऋषिराज तासगावला कॉलेजात होता तेव्हापासूनची ही गोष्ट. आष्ट्याजवळच्या या गावातून त्याचा डबा रोज सकाळच्या एसटीनं निघायचा. या भागात ती पद्धतच आहे. घरोघरच्या आया फाट्यावर येऊन डब्याच्या पिशव्या कंडक्टरच्या हवाली करतात, तासगावच्या स्टँडवर पोरं त्या उतरवून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत येतात. गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक पिशवीवर पोराचं नाव असतं. काकूंनी तर लाल दोऱ्यानं, आंधळ्यालासुद्धा चाचपून वाचता यावं एवढं जाडजूड ‘ऋषिराज’ भरलं होतं. मुलगा ट्रेनिंगला गेला त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांच्या हातून सवयीनं दोन भाकऱ्या जास्त झाल्या आणि काकू पिशवी घेऊन फाट्यावर हजर.

“काकू, आवं ऋषिराज तर गेला की,” कंडक्टर धनाजी म्हणाला. “ह्यो डबा कुणाला दिऊ?”

“ज्याचा आला न्हाई त्याला दे. रोज कुणाचा तरी चुकतोच की रं.”

झालं, डबा सुरू. त्यांचा नवरा ज्ञानूतात्या जमेल तेवढी टिंगल करून घ्यायचा. “पोरगं सीमेवर आन त्याचा डबा तासगावात. सरकारला कळलं तर पळून आला म्हणून धराय येत्याल.” काकू ऐकून घ्यायच्या आणि भाकरी थापायच्या. अशी बाई एकदा एखादी गोष्ट करायला लागली की तिला थांबवणं ज्ञानूतात्याच्या काय, कुणाच्याच हातात नसतं.

सुरुवातीला डबा परत यायचा तो कडेला वाळलेला भात घेऊन. कुठल्या तरी आळशी पोरानं खाल्लाय, हे दिसतच होतं. दिवाळीनंतर मात्र तो घासूनपुसून लख्ख येऊ लागला.

“ही पोरगी हाय,” काकूंनी निकाल देऊन टाकला. “पोरांच्या अंगात येवढं शानपण नसतं.”

मग डब्यात शेंगदाण्याची चटणी वाढली, खर्डा वाढला, कधी गुळाची पोळी जाऊ लागली. एक दिवस न राहवून त्यांनी धनाजीला विचारलंच.

“सोनिया नाव हाय तिचं,” धनाजी म्हणाला. “धनगराची हाय, पूर्वेकडची. आईबाप मेंढरं घिऊन रहिमतपूरच्या अंगाला गेल्याती. ही मैत्रिणींसंगं खोलीवर ऱ्हाती. त्यांचं डबं येत्यात, ही त्यांच्यासंगं येऊन रिकाम्या हातानं हुबी. इचारलं तर म्हणती, मी जेवलीया. पर डोळं समदं पिशव्यांवर. मग मीच म्हनलं, ह्या डब्याला मालक न्हाई बाय, परत न्यायचा मला कटाळा येतोय, तेवढा संपवून दे.”

काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी धनाजीलाही एक गुळाची पोळी दिली. पण आनंदाच्या भरात एका गोष्टीचा विचार त्यांना शिवलाही नाही. कॉलेजच्या पोरीच्या हातात रोज ऋषिराज नावाची पिशवी, आणि तीही भर स्टँडवर! बसची वाट बघत बसलेल्या माणसांना दुसरा उद्योग तरी काय असतो? एकानं पाहिलं, दुसऱ्यानं तिखटमीठ लावलं आणि रहिमतपूरच्या माळावर बातमी पोचली ती अशी: तुझ्या पोरीला आष्ट्याकडचं ऋषिराज नावाचं कुणीतरी रोज खायला घालतंय.

पोरीचा बाप धुळा. त्यानं मेंढरं बायकोच्या स्वाधीन केली, गाड्या बदलत आष्टा गाठलं आणि त्या पिशवीचं घर विचारत विचारत सकाळी सकाळी काकूंच्या अंगणात येऊन उभा राहिला. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

“कोण हाय त्यो ऋषिराज?”

“माझा ल्योक.” काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. “का वं दादा?”

“भाईर काडा त्याला.”

“त्यो काश्मिरात हाय.”

“तिकडनं डबा धाडतोय व्हय?”

ज्ञानूतात्यानं शहाणपणा करून भिंतीवरचा फोटो आणला. त्यात वर्दीतला ऋषिराज असा काही देखणा दिसत होता की धुळाचा संशय उलट वाढला.

“बास झालं शिक्षान,” तो म्हणाला. “आजच्या आज पोरीला घिऊन जातो. एक जागा आलीया, लग्नाचा बार उडवून देतो.”

काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले. परीक्षा तोंडावर आलेली पोर, आणि तिचं शिक्षण आपल्या दोन भाकऱ्यांपायी बुडायचं! त्यांनी घाईघाईनं सगळं सांगितलं. ऋषिराज, सवय, धनाजी, मालक नसलेला डबा, सगळं एका दमात. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटायला लागलं. धुळा नुसता काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती.

शेवटी काकूंनी समजावणं सोडून दिलं. “दादा, येवढं एकच सांगा. ह्यो डबा मिळायच्या आदी तुमची पोर काय खात व्हती?”

“खानावळीत जेवती की. फोनवर रोज सांगती. आज आमटी व्हती, आज वांगं व्हतं, पोट भरलंय...” बोलता बोलता धुळा थांबला. “खोटं बोलायची न्हाई ती,” तो म्हणाला खरा, पण आवाजातला जोर गेला होता.

काकूंनी डबा भरला, पदर सारखा केला आणि त्याच्याबरोबर एसटीत बसल्या. इतकी वर्षं डबा पाठवला, पण त्याच्यासोबत जाण्याची ही पहिलीच वेळ. पलूस गेलं, द्राक्षांच्या बागा लागल्या, काकूंनी मांडीवरची पिशवी तेवढी घट्ट धरून ठेवली.

स्टँडवर मैत्रिणींबरोबर आलेली सोनिया बापाला बघून जागच्या जागी थिजली.

“खानावळीचं काय झालं?” धुळानं विचारलं.

पोरगी मान खाली घालून उभी. मग हळूच म्हणाली, “दिवाळीतच बंद पडली आबा. तुमाला सांगितलं असतं तर तुमी मला परत नेलं असतं.”

धुळानं काकूंच्या हातातली पिशवी घेतली, डबा उघडून बाकावर तिच्यापुढं ठेवला आणि समोर उकिडवा बसला. “जेव.”

ती जेवायला लागली. डोळ्यांतून पाणी गळतंय, तोंडात घास आहे, आणि बाप एकटक बघतोय. काकूंना रडू आवरेना, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. जेवण झाल्यावर हा माणूस तिला घेऊन जाणार की ठेवणार, तेच समजत नव्हतं.

तेवढ्यात धुळाची नजर बाकाच्या टोकाला गेली. तिथं सोनियाच्याच वर्गातली एक किडकिडीत पोर मुद्दाम दुसरीकडं तोंड करून बसली होती.

“ती का न्हाई जेवत?”

“तिला भूक न्हाई म्हणती,” सोनिया म्हणाली.

धुळानं डब्यातली एक भाकरी उचलली, तिच्यावर चटणी ठेवली आणि त्या पोरीच्या हातात दिली. “माझी पोरबी मला असंच सांगत व्हती. खा बाळ.”

त्या पोरीनं आधी नको नको केलं. पण पहिला घास पोटात गेला, मग पुढचा घ्यायला तिला कुणाला आग्रह करावा लागला नाही. धुळा दोघींच्या मधे बाकावर बसला. पागोट्याच्या टोकानं त्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि समोरच्या गाड्यांकडं बघत सोनियाला विचारलं,

“परीक्षा कवा हाय?”

“पुढल्या म्हयन्यात.”

“पोटभर जेवून दे,” तो म्हणाला. “उपाशी दिऊ नगंस.”