लाल पट्टीची वायर

टेबलाखाली शिरताना नाखवा कधी टॉर्च घ्यायचे नाहीत. चपला काढून बाजूला ठेवायच्या, खिशातलं पेन आणि चष्मा माझ्या टेबलावर ठेवायचा आणि सरळ आत. बाहेर दोन तळपाय तेवढे दिसायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं, तळपायांकडून. नोकरीचा माझा दुसरा दिवस होता, मॉनिटर काळा पडला होता आणि मी मोठी शहाणी, टॉर्च घेऊन खाली वाकले. "नको मॅडम," आतून आवाज आला, "टेबलाखाली कसला उजेड? हात हायेत ना." अर्ध्या मिनिटात मॉनिटर लागला.

आमचं कंटेनर यार्ड पनवेलहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दिवसभर ट्रेलरची ये-जा, धूळ आणि हॉर्न. मी करंजाड्याहून यायचे, ऑफिसची व्यवस्था आणि खरेदी बघायचे. कमळाकर नाखवा उरणकडच्या कोळीवाड्यातून यायचे. पन्नाशी उलटलेली, रंग सावळा, केस तेल लावून चापून बसवलेले. हजेरीपटावर ते ठेकेदाराचे हेल्पर होते, पण यार्डातला एकही कॉम्प्युटर, प्रिंटर किंवा वजनकाटा त्यांच्याशिवाय चालू झाला नसता. इंजिनियर येईपर्यंत चार दिवस जायचे, नाखवा चार मिनिटांत यायचे.

दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा आमच्याकडे अजून जुनी यंत्रं होती आणि प्रत्येक वायरीची पिन निराळी. कीबोर्डची बारीक गोल, मॉनिटरची दोन्हीकडे स्क्रूवाली, प्रिंटरची हातभर रुंद, बाजूला तारेच्या कड्या असलेली. आत येणाऱ्या गाड्यांच्या वजनकाट्याची नऊ भोकांची, बाहेर जाणाऱ्या काट्याची पंचवीस भोकांची. मला तो सगळा गोतावळा बघूनच वैताग यायचा. नाखवा मात्र त्या पिनांबद्दल घरच्या माणसांसारखं बोलायचे. "परतेकीचं तोंड वेगलं हाय मॅडम. आदी तोंड बघायचं, मंग घास द्यायचा." कुणी घाईत पिन दाबून बसवायला गेलं की ओरडायचे, "जबरदस्ती नाय करायची! बसत नाय म्हंजे ते तिचं घर नाय."

दुपारी डबे झाले की ऑफिसातल्या पोरांचा एक खेळ चाले. नाखवांचे हात पाठीमागे, त्यात कुठल्या तरी वायरीचं टोक द्यायचं आणि ओळखायला सांगायचं. अंगठा एकदा फिरायचा. "ही प्रिंटरची. आनि हिची एक सुई वाकलीय, फेकू नका, मी सरल करतो." आम्ही टाळ्या पिटायचो. मीही पिटल्या. एखाद्या माणसाची बोटं इतकी तरबेज का झाली असतील, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही, याची मला आज लाज वाटते.

कारण दिसत तर सगळं होतं. चिठ्ठी हातात दिली की ते म्हणत, "तुमीच वाचा, चष्मा घरी रायला." आणि चष्मा माझ्या टेबलावर असायचा. संध्याकाळ व्हायच्या आत ते निघायची घाई करत. यार्डातून चालताना नेहमी भिंतीच्या कडेने जात. आम्ही म्हणायचो, नाखवा तंद्रीत असतात.

मग नवे कॉम्प्युटर आले. खरेदीचा प्रस्ताव मीच लिहिला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता. मागे सगळी चपटी, एकसारखी सॉकेट. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, सगळ्यांना एकच पिन. काट्यांच्या जुन्या वायरींच्या पिना कापून त्यांना दोन सारखेच छोटे कन्व्हर्टर बसवले, त्यांचीही टोकं तशीच चपटी. मी नाखवांना उत्साहाने म्हटलं, "बघा, आता कुठलीही वायर कुठंही बसते!"

त्यांनी ते टोक हातात घेतलं. एका बाजूने चाचपलं, उलटं केलं, पुन्हा चाचपलं. "तेच तर," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, जुन्या माणसाला नवं आवडत नाही, दुसरं काय. मी त्यांची सोय म्हणून आणखी शहाणपणा केला. आत येणाऱ्या काट्याच्या वायरीला लाल पट्टी चिकटवली, बाहेर जाणाऱ्या काट्याच्या वायरीला हिरवी, आणि सॉकेटशेजारीही तशाच पट्ट्या लावल्या. "लाल लालमध्ये, हिरवी हिरव्यामध्ये. लहान मूलसुद्धा चुकणार नाही," असं म्हणाले. खरंच असंच म्हणाले. नाखवा मान हलवत ऐकत होते. त्या दिवशी वायरी मीच खोचल्या, म्हणून पुढे तीन-चार महिने काहीच झालं नाही.

एका सोमवारी काट्याच्या केबिनला रंग दिला. सामान बाहेर काढलं, पुन्हा आत लावलं. वायरी अर्थातच नाखवांनी लावल्या. दोन्ही पिना दोन्ही सॉकेटांत छान बसल्या, अडल्या नाहीत, कुरकुरल्या नाहीत. कॉम्प्युटरला फक्त सॉकेट कळतं, पलीकडे कुठला काटा आहे ते कळत नाही. सकाळभर आत येणाऱ्या गाड्यांचं वजन बाहेर जाणाऱ्यांच्या चिठ्ठीवर छापलं गेलं आणि बाहेर जाणाऱ्यांचं आत येणाऱ्यांच्या. दुपारी एक ड्रायव्हर चिठ्ठी नाचवत आला. "मॅडम, मी रिकामी गाडी घेऊन निघालोय आणि यात अठ्ठावीस टन लिहिलंय!" आम्ही हसलो. तेवढ्यात बंदरावरून फोन आला. आमचा एक भरलेला कंटेनर चुकीच्या वजनामुळे गेटवर अडकला होता आणि त्याचं जहाज निघून गेलं होतं. मग कुणी हसलं नाही.

मी तरातरा केबिनमध्ये गेले. टॉर्च मारली, तर लाल पट्टीची वायर हिरव्या पट्टीशेजारी. काट्यावरचा क्लार्क, दोन ड्रायव्हर, सगळ्यांच्या देखत मी कडाडले, "अहो नाखवा, लाल लालमध्ये! एवढं साधं होतं ना?"

ते माझ्या शेजारीच उभे होते. दोन्ही वायरी त्यांनी हातात घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या, खाली केल्या. मग अगदी हळू विचारलं, "कुठली लाल हाय?"

क्लार्क फिस्सकन हसला, त्याला ती थट्टा वाटली. मी नाखवांकडे पाहिलं. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते माझ्या खांद्यापलीकडे, रिकाम्या भिंतीकडे. माझ्या हातातली टॉर्च बाजूने त्यांच्या तोंडावर होती आणि त्यांनी डोळेही मिचकावले नव्हते.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "साहेबांना सांगू नका. कवापासून कमी होत चाललंय. आदी रातचं दिसत नव्हतं, मंग बाजूचं गेलं, आता रंग बी गेले. हातावर निभावलं इतकी वर्सं. पोरगीचं नर्सिंगचं शेवटचं वर्स हाय, तेवढं होऊ द्या." मी शब्द दिला. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'वायरींची अदलाबदल झाली.' कुणी केली ते लिहिलं नाही. पण माझ्या रिपोर्टला कोण विचारतो? "कुठली लाल हाय" हे क्लार्कने संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर सांगून झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी नाखवांना डोळे तपासायला पाठवलं.

डॉक्टरांनी लिहिलं की त्यांना आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं, तेही अंधूक, आणि यावर औषध नाही. मी मॅनेजरांकडे जाऊन भांडले. म्हटलं, ते बसून काम करतील, वायरी दुरुस्त करतील, मी जबाबदारी घेते. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. खिडकीतून यार्डाकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, इथं तासाला चाळीस ट्रेलर फिरतात. उद्या एखादा त्यांच्या अंगावरून गेला तर काय घ्याल जबाबदारी?" मी परत माझ्या टेबलाशी आले. इतकं निरुपयोगी मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

नाखवांचा नोकरीतला शेवटचा महिना संपला त्या दिवशी मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. ते भिंतीच्या कडेने, मी बाहेरच्या बाजूने. बरेच दिवस मनात डाचत होतं ते मी बोलून टाकलं. "नाखवा, एका वायरीला नुसती गाठ मारली असती तरी तुमच्या बोटांना कळलं असतं. एवढं तर करता आलं असतं. मला का नाही सांगितलंत?"

"गाठ मारायचं माज्या मनात आलं नसंल का मॅडम?" ते म्हणाले. "पन तुमी विचारलं असतं, लाल पट्टी असताना गाठ कशाला? मंग मी काय सांगनार होतो?"

मी नक्की विचारलं असतं. चार माणसांत, मोठ्याने विचारलं असतं.

उरणकडे जाणारी सहा आसनी रिक्षा आली. रोज ते एकटेच पुढे होऊन, दांडा चाचपून, कुणाला कळू न देता चढायचे. त्या दिवशी जागचे हलले नाहीत. गाडीवाल्याने हॉर्न मारला. नाखवांनी हात पुढे केला, माझं मनगट सापडेपर्यंत हवेत फिरवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मॅडम, पायरी कुठं हाय?"