थेंबांचा घेरा

काकाजी गेल्याची चिठ्ठी मला अहेरीच्या बसस्टँडवर मिळाली. ब्रह्मपुरीहून आलेली ती चिठ्ठी कंडक्टरनं मी शिकवते त्या शाळेत पाठवली नाही, स्वतःच्याच खिशात ठेवली, कारण बाजाराच्या दिवशी मी तिकडूनच जाते हे त्याला ठाऊक होतं. "बाई, आधी बसा," तो म्हणाला, आणि मला कळलं. आखाड्यातल्या वामनच्या हातच्या दोन ओळी होत्या. मी पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मला तर रागच आला. माणसानं निदान वाट पाहावी... पण काकाजींनी कधी कोणाची वाट पाहिली? गाडी चुकली तर पुढच्या गावापर्यंत चालत जाऊन तिथं गाडीलाच आपली वाट पाहायला लावणारा माणूस तो. आता महिना उलटून गेला, म्हणून लिहायला बसले आहे.

देवाजीकाकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लाकडाच्या डेपोवर चौकीदार, घर ब्रह्मपुरीला, आणि जीव सगळा आमच्या वस्तीच्या आखाड्यात. दर चौदा एप्रिलला आमचा आखाडा चंद्रपूरच्या मिरवणुकीत उतरायचा. आधी लाठी, मग पट्टा, आणि दिवेलागणीला बनाटी. दोन्ही टोकांना कापडाचे गोळे तारेनं आवळून बांधलेली काठी, गोळे राकेलात भिजवून पेटवायचे आणि ती डोक्यावरून, पाठीमागून, पायाखालून फिरवायची. मी चौथीत असताना काकाजींनी माझ्या हातात कोरडी काठी दिली. आई ओरडली, तर म्हणाले, "वहिनी, भाकरी थापते तोच हात आहे ना हा? मंग गोल फिरवाले काऊन नाई येणार?" आई चुलीकडे वळली आणि मी आखाड्यात शिरले. त्यानंतर मला तिथून कोणी काढू शकलं नाही.

नवख्या पोरांना काकाजी हाताला येईल ती काठी द्यायचे. "आधी डोक्शात मारून घेऊ दे त्याले." पण दहा-दहा वर्षं फिरवलेल्या जुन्या गड्यांची काठी निवडायला मात्र महिनाभर घालवायचे. लोकांना हे उलटं वाटायचं. मी एकदा विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "नवखा आगीले भेते, म्हणून वाचते. जुना भेत नाई. मंग त्याच्या वाटचं मलेच भ्यावं लागते."

बांबूला ते हात लावू देत नसत, कारण आत हवा कोंडलेली असते आणि तापला की फुटतो. डेपोतली काडीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. अहेरीच्या बाजारात कावडी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून धामनाच्या झाडाची काठी घ्यायचे, कारण धामन वाकतं पण मोडत नाही. मग घरी परीक्षा. कोरड्या काठीचा तोल पाहून काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. तेल पिऊन गोळे जड झाले की तीच काठी वेगळी वागते. म्हणून गोळे पाण्यात भिजवायचे, अंगणातल्या कोरड्या धुळीत गड्याला उभं करायचं आणि काठी डोक्यावर आडवी फिरवायला लावायची. जास्तीचं पाणी उडून भोवती थेंबांचा एक घेरा पडायचा. काकाजी पाऊल पाऊल टाकत त्या घेऱ्यावरून चालायचे. घेरा अखंड असला तर काठी तुमची. मध्येच तुटला, एका अंगाला फेकला गेला, तर काठी वापस. शाबासकी वगैरे नाहीच. "चालते," एवढंच म्हणायचे. त्या एका शब्दासाठी वीस-वीस वर्षं फिरवलेले गडी तोंडाकडे पाहत उभे असायचे.

एवढा काटेकोर माणूस, आणि चूक त्याच्याकडूनच व्हावी... मी अहेरीला नोकरीला लागले त्या वर्षी गोळ्यांना कापड कमी पडलं. कोणीतरी शिंप्याकडची पांढरी कात्रणं आणली. काकाजी त्याच सकाळी डेपोवरून आलेले, डोळ्यांत झोप. पांढरं दिसलं, सुती समजले, ठेवून दिलं. ते टेरिकॉट होतं. तेव्हा जिकडे तिकडे टेरिकॉटच सुरू झालं होतं ना. सुती कापड जळून राख होतं, हे वितळतं. चंद्रपूरच्या भर चौकात, हजारो माणसांसमोर, माझ्या बनाटीच्या एका टोकाचं कापड तारेच्या आत वितळलं, तार सैल पडली आणि पेटता गोळा सुटून एका रसवंतीच्या मांडवावर जाऊन पडला. बाप रे! मांडव जळाला, माणसं वाचली. पण लोकांची तोंडं कशी थांबणार? "बाईच्या हाती आग देल्यावर आणखी काय होईन?" माझ्या कानांनी ऐकलं मी.

काकाजींनी तो विझलेला गोळा उचलला. बोटांनी चाचपला. वितळून गोठलेला टणक मणी त्यांच्या हाताला लागला आणि चेहराच उतरला. तसेच उठले, निळ्या झेंड्याच्या बैलगाडीवर चढले आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरीचा हात बरोबर होता. कापड मी निवडलं. चूक माही आहे." सगळ्यांसमोर. मिरवणुकीच्या कमिटीनं मात्र ब्रह्मपुरीच्या आखाड्याला आगीची मनाई केली. दोन वर्षं आम्ही कोरड्या काठ्या फिरवल्या. चंद्रपूरची पोरं हसायची. काकाजी हसण्याकडे लक्ष देत नसत, पण तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आगपेटी आली. विडी न पिणारा माणूस. कुठलंही कापड दिसलं की त्यातला धागा ओढायचा, जाळायचा, राख चिमटीत चोळून पाहायची. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या शेल्याचा धागा ओढताना काकूनं त्यांना पकडलं होतं.

तिसऱ्या वर्षी ते माझ्याकडे अहेरीला एक काठी घेऊन आले. धामनाची, चांगली जड, गोळ्यांना काकूचं जुनं पांढरं लुगडं. मला ती नको होती. खरं सांगते, मला आगच नको होती. मी म्हणाले, "काकाजी, द्यायचीच असली तर हलकी द्या."

"हलकी भर्रकन फिरते अन् आग विझून जाते. लोक हासतात."

"मले भेव वाटते."

"म्हणून तर तुले देऊन राह्यलो," ते म्हणाले. "आता तुह्या वाटचं मले भ्याचं काम नाई."

जयंतीच्या आठवडाभर आधी आम्ही दोघं चंद्रपूरला कमिटीपुढे उभे राहिलो. शहराच्या जुन्या तटाच्या, म्हणजे परकोटाच्या, आतलं मैदान, दुपारचं ऊन, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले कमिटीचे पाच बुजुर्ग. काकाजींनी बादलीत पाणी घेतलं आणि खिशातून पुडी काढून त्यात कपड्यांची नीळ ओतली. मी गोळे त्या निळ्या पाण्यात भिजवले, पिळले आणि एकदा दूर उभी राहून काठी फिरवली. जास्तीचं पाणी उडून धुळीत निळा घेरा पडला; आता गोळ्यांनी धरलेलं पाणी सुटता कामा नये. काकाजी त्यावरून पूर्ण चालून आले. मग त्या पाचही जणांना म्हणाले, "भाऊ, आता या घेऱ्यात या. पोरीपासून चार हातावर उभे राहा."

"अन् कपडे?" अध्यक्षांनी विचारलं.

"एक थेंब जरी अंगावर आला तर आम्ही संध्याकाळच्या गाडीनं वापस. पुन्हा आगीचं नाव काढत नाई."

अध्यक्ष आधी आले. त्यांना पाहून बाकीचे आले, एक जण धोतर सावरत. मी काकाजींकडे पाहिलं, तर हा माणूस पाठ करून उभा! बादली विसळत होता. मग मी काठी उचलली. डोक्यावरून, पाठीमागून, कमरेभोवती, पायाखालून, सगळं केलं. जड काठीचं तेच बरं असतं, ती आपल्या हाताची घाई चालू देत नाही. थांबले तेव्हा अध्यक्षांनी बाह्या पाहिल्या, पुढून पाहिलं, शेजारच्यानं त्यांची पाठ पाहिली. एकाच्याही अंगावर निळा ठिपका नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "देवाजीभाऊ, पहिली बनाटी तुमच्या आखाड्याची."

आणि काय फिरली ती बनाटी! त्याच चौकात, त्याच रसवंतीसमोर. माझ्यामागे वामन आणि आणखी दोघे, चार काठ्यांची आठ टोकं पेटलेली, डफड्यांचा ताल, आणि गर्दीनं आपण होऊन सोडलेली गोल जागा. तीन वर्षांपूर्वी मला नावं ठेवणाऱ्या बाया लेकींना खांद्यावर घेऊन दाखवत होत्या. रसवंतीवाल्यानं आम्हाला रस पाजला आणि काकाजींना म्हणाला, "या वर्षी मांडव टिनाचा केला आहे." काकाजी इतके हसले की रस नाकात गेला. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी खूश कधी झाले नाही. त्यांना विचारलं, कशी झाली? ते म्हणाले, "चालते." मी तिथंच रडले.

काकाजी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाचं जेवण झाल्यावर आखाड्याची माणसं त्यांच्या अंगणात बसून राहिली. कोणी उठेना. शेवटी वामन म्हणाला, "जयंती दोन महिन्यावर आली. आता काठ्या कोण पाहीन?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, तुझ्यापासून सुरुवात करू. वामननं गोळे भिजवले आणि अंगणात काठी फिरवली. वीस वर्षं काठी फिरवलेला गडी, हात काय देखणा त्याचा. थेंबांचा घेरा पडला. मी काकाजींसारखी पाऊल पाऊल टाकत चालले, आणि दाराच्या बाजूला माझ्या पायाखाली कोरडी माती आली.

"नाई चालत," मी म्हणाले.

"अवो बाई, काकाजींनी पास केलेली काठी आहे."

"तेव्हा होती. एक गोळा पाणी धरत नाई. हे कापड कुठलं?"

वामन खाली पाहू लागला. गेल्या दिवाळीत त्यानंच बदललं होतं. तेवढ्यात काकू घरातून आली. तिनं खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातली आगपेटी माझ्या तळहातावर ठेवली आणि उंबरठ्यावर बसली. मी वामनच्या गोळ्यातून एक धागा ओढला आणि काडी पेटवली.