फुल म्हणजे घट्ट

माझ्या नवऱ्याला सरप्राइज द्यायची भारी हौस आणि मला सरप्राइजचा तितकाच तिटकारा. निदान सासऱ्यांच्या बाबतीत तरी त्याने ही हौस आवरायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

सासऱ्यांकडे कोकणात दुनळी बंदूक होती. रानडुकरं भाताची नासाडी करत, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. सासूबाई गेल्यावर ते पुण्याच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण इकडे परदेशात, मरीन परेडला आमच्याकडे आले की बाल्कनीत उभं राहून उडणाऱ्या मैनांवर रिकामे हात रोखायचे. मी दिसले की हात खाली.

नवऱ्याने ते मनावर घेतलं. तो जहाजांच्या इंजिनांवर काम करणारा. इथल्या एका नेमबाजी क्लबचा तो सभासद झाला, परवाने-बिरवाने काढले आणि एक दुनळी घेतली. जुन्या इंग्रजी बंदुकीची हुबेहूब नक्कल, पण अलीकडे घडवलेली. ती क्लबच्या कुलपातच राहायची. बाबा पुढच्या खेपेला येईपर्यंत फोनवर ब्र काढायचा नाही, अशी मला तंबी होती.

क्लबने शिशाचे छर्रे बंद करून पोलादी सुरू केले होते. इंजिनिअरसाहेबांनी सगळं तपासलं. काडतुसाची लांबी बंदुकीला बसते का, त्याचा दाब तिला झेपतो का, नळीला आतून चरे पडू नयेत म्हणून छर्ऱ्यांभोवती जाड प्लॅस्टिकची वाटी आहे का. पोलादी छर्ऱ्यांना नळीचं तोंड मोकळं लागतं, हेही त्याने वाचलं होतं. विकणाऱ्याने दोन्ही नळ्यांचा चोक, म्हणजे तोंडाचं माप, 'फुल' आहे म्हणून सांगितलं होतं. आपल्याकडे नळ फुल सोड म्हटलं की पूर्ण उघडतात. त्याने तसंच धरलं.

रविवारी सकाळी बंदूक हातात आली तेव्हा सासऱ्यांनी आधी तिचं वजन तोललं. दस्त्यावरून अंगठा फिरवला, बंदूक उघडून नळ्यांतून आरपार पाहिलं, खांद्याला लावून बघितली. मला इतकं बरं वाटलं की सरप्राइजबद्दलची माझी मतं मी तेवढ्यापुरती मागे घेतली. मग रेंजवरचा अधिकारी आला. त्याने नळ्यांच्या तोंडात माप घालून पाहिलं.

"कॅनॉट, अंकल. बोथ साइड फुल. स्टील कॅनॉट ला," तो इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला.

"फुल म्हणजे पूर्ण मोकळी ना?" नवरा सासऱ्यांकडे वळला.

"अरे, फुल म्हणजे घट्ट! तोंड सगळ्यात जास्त आवळलेलं," सासरे म्हणाले. "शिसं मऊ, ते दबून निघतं. पोलाद कसलं दबतंय? तोंडाशी नळी फुगेल. मला विचारायचंस की फोनवर."

काय विचारणार? सरप्राइज होतं ना!

अधिकाऱ्याने क्लबची बंदूक देऊ केली, एकावर एक नळ्या असलेली. "ही काय डबल डेकर आहे?" म्हणत सासऱ्यांनी ती नाकारली. "घाई काय आहे? हिची तोंडं मोकळी करून घे. पुढच्या वर्षी येतोच आहे मी." परतताना ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, जेवायला थांबलो. सासरे चवीने जेवले, नवऱ्याने नूडल्सना हात लावला नाही. मला दोघांचाही राग आला होता, एकाच्या हौसेचा आणि दुसऱ्याच्या हट्टाचा.

कारागिराने तोंडं मोकळी केली, पुन्हा तपासणी झाली, त्यात काही महिने गेले. पुढच्या वर्षी सासरे आले, ते भिंतीला हात लावत चालत. वय झालं, असं आम्ही म्हणालो. एक फोन केला असता तर हे सगळं वर्षभर आधीच झालं असतं, हे मात्र कुणी बोललं नाही.

या वेळी अधिकाऱ्याने माप घातलं आणि मान डोलावली. पोलादी छर्ऱ्यांची दोन काडतुसं सासऱ्यांनी स्वतः भरली. पाय रोवले, बंदूक खांद्याला लावली आणि तबकडी सोडायचा इशारा म्हणून खणखणीत आवाजात "पुल!" म्हणाले. केशरी तबकडी समोरून उडाली, उंच गेली आणि लांब गवतात पडली. बंदूक तशीच रोखलेली होती.

"तबकडी सोडली का रे?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही, बाबा," नवरा म्हणाला आणि पुढे होऊन त्याने दोन्ही काडतुसं काढून घेतली.