पाच नंबरचं टोक

पेरणीआधी पाभरीची नळी आभाळाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि आत बी अडकलंय का ते बघायचं. कोरीटच्या दोधूआप्पाचा उजवा डोळा त्यातच तयार झालेला. पुढे तो तापीवरच्या उपसा योजनेत कंत्राटी मदतनीस म्हणून लागला. तिथली पंपघरं काचेच्या तारेने नियंत्रण खोलीला जोडलेली. तारेच्या दोन्ही टोकांना बोटाएवढं मॉड्यूल. ते निरोपाचा उजेड करून पाठवतं. तो उजेड माणसाला दिसत नाही, हे आप्पाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तार सोडवली की तो टोक डोळ्याला लावायचा.

"आप्पा, त्यामा डोळा नका घालू, जळी जाई!" इंजिनिअर शीलाताई ओरडायची.

"पाभरनी नळीमा देखीसनी कोनी आंधळा व्हयना का, ताई?"

मग तो सांगायचा, उजेड शे, किंवा नही. मीटर नंतर तेच दाखवायचा. लोक आधी हसले. मग हसेनासे झाले.

यंदा दिवाळीनंतर तो उजवा डोळा गेला. नंदुरबारच्या डॉक्टरांना दोष सापडला नाही. आप्पाने फक्त बायकोला सांगितलं. "चला, मन्हं तोंड आते निम्मंच दिखी," धनुबाई म्हणाली आणि पदराआड रडली. शुक्रवारी योजनेच्या डॉक्टरांकडे नेत्रतपासणी होती. त्यात नापास झाला तर कंत्राट संपणार. आप्पाने डाव्या डोळ्याने तक्त्यावरची अक्षरं पाठ करून ठेवली.

गुरुवारी दुपारी शीलाताईने त्याला पाच नंबरच्या तारेला टोपण लावायला सांगितलं. पाच नंबरचं पंपघर पुरात खचून बंद पडलेलं. आप्पाने सवयीने टोक उचललं, डावा डोळा मिटला.

आंधळ्या डोळ्यात हिरवा ठिपका उभा राहिला.

"उजेड शे."

शीलाताईने मीटर लावला. शून्य. "तठे ते काहीच नही, आप्पा. तार पुरमाच तुटेल शे, मॉड्यूल मन्हा कपाटमा शे."

त्याने पुन्हा पाहिलं. ठिपका होता. मग तो सावकाश झाकला गेला. नळीच्या पलीकडून कुणी डोळा लावला की नळी जशी काळी होते, अगदी तसा.

आप्पाने घाईघाईने टोपण दाबून बसवलं.

शुक्रवारी डॉक्टरांनी त्याचा डावा डोळा झाकला. पाठ केलेली अक्षरं जिभेवर तयार होती. पण समोर तक्ता नव्हता. हिरवा ठिपका होता, आणि तो झाकला जात होता. नोकरी राहिली तर रोज त्या टोकाशेजारी बसायचं होतं.

"काय दिसतं?"

"काहीच नही," आप्पा म्हणाला.

घरी जाताना त्याने औषधाच्या दुकानातून डोळ्यावर बांधायची काळी पट्टी घेतली आणि तिथेच, उभ्याउभ्या, उजव्या डोळ्यावर घट्ट बांधली.